बाईंचा आवाज

वलवण, लोणावळा
१८ ऑगस्ट २०२५

चि. श्रीयशास अनेक आशीर्वाद.

आत्याचं कागदावरचं पत्र बघून तुला नवल वाटेल. मी फोन बंद करून कपाटात ठेवला आहे. तुझे चार-पाच फोन येऊन गेले असतील. का बंद केला ते सांगते.

परवा सकाळी संदेश आला. शालूबाईचा मुलगा. चौथीपर्यंत माझ्या वर्गात होता, आता मळवलीला मुंबईच्या लोकांचे दोन बंगले सांभाळतो. "आत ये, बस" म्हटलं तर उंबऱ्यातच उभा राहिला. चपलाही काढल्या नाहीत. म्हणाला, "बाई, आईला फोन करून सही कराय कशाला लावली तुमी?"

मी म्हटलं, "कसली सही? मी तर शालूबाईशी संक्रांतीपासून बोललेली नाही."

त्याने खिशातून आईचा फोन काढला. त्यात म्हणे बोलणं आपोआप साठवलं जातं. त्याने ते मला ऐकवलं. श्रीयश, तो माझा आवाज होता. "नमस्कार शालूबाई, मी शाळेतली अनसूयाबाई बोलतेय. तुमच्या खालच्या खाचराला लागून रस्ता होतोय. गावाच्या भल्याचं काम आहे. आमचा माणूस कागद घेऊन येईल, निर्धास्तपणे सही करा." शालूबाई मध्ये विचारते, "बाई, तब्येत बरी हाय न्हवं?" तर ती हसून म्हणते, "बरी आहे, तुम्ही काळजी घ्या."

ही 'ती' कोण, हे मला कळेना. मी दर दोन वाक्यांनी खाकरते, तुला माहीत आहे. ती खाकरत नाही. वाक्य कुठे अडत नाही. माझ्याहून बरं बोलते.

तो माणूस आला, शालूबाईला गाडीत बसवून वडगावला घेऊन गेला आणि सह्या घेतल्या. कागद रस्त्याचा नव्हता, खालच्या भातखाचराच्या खरेदीखताचा होता. तिथे कोणा कंपनीचे बंगले होणार आहेत. लोहगड समोर दिसतो ना तिथून, म्हणून.

शालूबाई पूर्वी अंगठा द्यायची. साक्षरता वर्गात तिला सही मी शिकवली. शेणाने सारवलेल्या जमिनीवर बोटाने काढून घेतली होती.

मी संदेशला म्हटलं, "हा आवाज माझा आहे, पण हे मी बोललेलं नाही." तो म्हणाला, "म्हंजे काय बाई?" ते तू सांगू शकशील, म्हणून लिहिते आहे.

दोन वर्षांपूर्वी तू मला बाणेरला तुझ्या मित्राच्या, प्रज्ञेशच्या कंपनीत घेऊन गेला होतास. काचेच्या खोलीत बसवून माझ्याकडून बालभारतीचे धडे वाचून घेतले. खेड्यातल्या मुलांना ऐकायला मिळतील म्हणाले. शाल, नारळ दिला. कोणी सही मागितली नाही, कोणी दुसरं काही विचारलं नाही. तूही तिथेच होतास. माझा आवाज आणखी कुठे असणार?

लवकर लिही. फोन करू नकोस. मला फोनवर कोणाचाच आवाज आता खरा वाटत नाही, तुझासुद्धा.

तुझी
आत्या


घोरावाडी स्टेशनजवळ, तळेगाव दाभाडे
२५ ऑगस्ट २०२५

ती. आत्यास सा. न. वि. वि.

शाळा सोडल्यानंतर पहिल्यांदाच कागदावर एवढं लिहितोय, अक्षराला हसू नकोस. पण कागदच बरा. ऑफिसच्या लॅपटॉपवर काय टाईप करतो ते कंपनी वाचते आणि फोनवर काय बोलतो ते आणखी कोणीतरी ऐकतं. हे सांगणारा मी त्याच धंद्यात वीस वर्षं आहे.

तुझा संशय बरोबर आहे. याला आवाजाची नक्कल म्हणतात. माणसाचं तासभराचं बोलणं मिळालं की यंत्र त्याच्या आवाजात काहीही बोलू शकतं. धडे वाचलेले होतेच. प्रज्ञेशच्या कंपनीने तो आवाज आपल्या 'आवाजांच्या पेटीत' ठेवला असणार, 'ग्रामीण शिक्षिका, मराठी, विश्वासू' असं काहीतरी नाव देऊन. मग जमिनीच्या दलालाची एजन्सी येते, महिन्याची वर्गणी भरते आणि पेटीतून तू निघतेस. तुझा आवाज ओळखणारा गावातला कोणी त्यांच्यात असेल, तर नाव जोडायला कितीसा वेळ.

आत्या, हे एकट्या प्रज्ञेशचं नाही, हा आमच्या सगळ्या उद्योगाचा रोग आहे. आधी माल बाजारात सोडायचा, लोक भाजले की माफीचा मसुदा काढायचा. मसुदा तयारच असतो, फक्त तारीख बदलतात. गेल्या महिन्यातली बातमी वाचलीस का? एका परदेशी कंपनीने ग्राहकांच्या तक्रारी ऐकणारी सगळी माणसं काढून यंत्र बसवलं. यंत्राने लोकांना नसलेली सवलत देऊन टाकली. कंपनी म्हणते, ते आमचं मत नव्हतं, यंत्राचं होतं! आणि आमच्याकडे हिंजवडीत हीच बातमी प्रेझेंटेशनमध्ये दाखवून म्हणतात, बघा केवढी संधी आहे. चूक कोणाची हे कोणी विचारत नाही, कारण उत्तर देणारा माणूस आधीच काढून टाकलेला असतो.

मी प्रज्ञेशशी बोलतो. आणि रविवारच्या माझ्या 'बिघाड' सदरात हा विषय घेतोच. पंधरा दिवस थांब. पुण्यात माझा लेख वाचून कंपन्यांचे जनसंपर्कवाले मला फोन करतात, एवढं तरी वजन आहे.

तू घाबरू नकोस. संदेशला सांग, माझा भाचा यातला जाणकार आहे.

तुझा
श्रीयश


वलवण
१५ सप्टेंबर २०२५

चि. श्रीयशास आशीर्वाद.

काल तुझा लेख वाचला. चहा निवून गेला तरी वाचत होते. मग पुन्हा वाचला, शाळेत निबंध तपासायची तसा.

भाषा छान आहे. 'माफीचा मसुदा तयारच असतो' हे वाक्य तू तिथेही वापरलंस. जगभरातल्या कंपन्यांच्या चुका आहेत, आकडे आहेत. मधल्या परिच्छेदात मी आहे. 'लोणावळ्याजवळच्या एका आजीबाईंच्या आवाजाचा गैरवापर झाल्याचं अलीकडेच समजलं.' आजीबाई! प्रज्ञेशच्या कंपनीचं नाव नाही. दलालाचं नाव नाही. शालूबाई तर कुठेच नाही. आणि शेवट काय केलास? 'ग्रामीण भागात आजही आवाज म्हणजे माणूस असं समजलं जातं. ही भाबडी समजूत सोडल्याशिवाय गत्यंतर नाही.'

म्हणजे चूक शालूबाईची. तिने ओळखीच्या आवाजावर विश्वास ठेवला.

तुझा लेख कोणीतरी फोनवर पाठवला आणि मळवलीत फिरला. संदेशने तो आईला वाचून दाखवला. त्याच दुपारी शालूबाई माझ्याकडे आली. पायी आली नसावी, पण चेहरा पायी आल्यासारखा होता. मी चहा ठेवला, तिने घेतला नाही.

म्हणाली, "बाई, त्यात म्हाताऱ्या बाईचा आवाज चोरला म्हंत्यात. चोरला, तर तुमी पोलिसात का गेला न्हाई?"

मी म्हटलं, "भाच्याला विचारलंय, तो बघतोय."

"भाच्यानंच तर लिव्हलंय."

"हो."

"मग त्यानं नाव का न्हाई लिव्हलं? चोराचं नाव म्हाईत आसताना?"

याचं उत्तर तुला येत असेल तर मला कळव, मी तिला सांगेन.

जाताना ती थांबली. "गावात बोलत्यात बाई. म्हंत्यात तुमाला बी येक प्लाट दिलाय त्यांनी. मी न्हाई म्हनत. पर बोलत्यात." ती 'मी न्हाई म्हनत' म्हणाली, पण माझ्या डोळ्यांकडे न बघता म्हणाली. त्या खाचरात बांधावर तिच्या नवऱ्याच्या हाताने लावलेलं आंब्याचं झाड आहे. त्याला आता पांढऱ्या चुन्याचा पट्टा मारलाय. मोजणीची खूण.

येत्या अठ्ठावीस तारखेला, रविवारी, याच विषयावर विशेष ग्रामसभा आहे. संदेशने हरकत घेतली आहे. तू ये. फार बोलायचं नाही. एवढंच सांगायचं, की माझ्या आत्याचा आवाज अमक्या कंपनीने धड्यांसाठी म्हणून घेतला, तिला न विचारता विकला, मी तिथे होतो. तू सांगितलंस तर लोक ऐकतील. तू यातला माणूस आहेस. माझं कोणी ऐकणार नाही, कारण ऐकायचं ते माझ्याच आवाजात त्यांनी आधीच ऐकलं आहे.

आत्या


तळेगाव
२० सप्टेंबर २०२५

ती. आत्यास सा. न.

तुझं पत्र वाचून वाईट वाटलं. पण लेखात कंपनीचं नाव घ्यायचं तर पुरावा लागतो, वर्तमानपत्राचा वकील बसतो, बदनामीचा दावा होतो. हे तुला आणि शालूबाईंना समजणं अवघड आहे. शेवटच्या वाक्याबद्दल म्हणशील, तर ते संपादकांनी कापून छोटं केलं, मूळ जास्त सौम्य होतं.

प्रज्ञेशशी बोललो. तो हादरला आहे. म्हणाला, तो आवाज चुकून सार्वजनिक पेटीत गेला. एक नवा मुलगा एक खूण लावायला विसरला. बघ, एक खूण! आमच्याकडे सगळी मोठी संकटं अशीच येतात. कोणाचा हेतू वाईट नसतो. मोठ्या बँकेचं ॲप दोन दिवस बंद पडतं तेव्हाही शेवटी असंच काहीतरी सापडतं आणि सगळे जण सुटकेचा निःश्वास टाकतात, की बरं झालं, कोणी मुद्दाम केलं नव्हतं. जणू मुद्दाम केलं नाही म्हणजे झालंच नाही. हे मी पुढच्या लेखात लिहिणार आहे. आवाज त्याने पेटीतून काढला आहे.

अठ्ठावीसला नक्की येतो. दहाच्या आधी पोचतो, तुला वलवणवरून गाडीत घेतो, आपण बरोबर जाऊ. निळा सदरा घालतो, गावात शोभेल असा.

श्रीयश


वलवण
३० सप्टेंबर २०२५

श्रीयश,

मी साडी नेसून ओसरीत बसले होते. दहा वाजून गेले तशी समोरची मुलगी म्हणाली, "आजी, रिक्षा बोलावू का?" मी म्हटलं, येईलच. मग रिक्षा बोलावली.

शाळेच्या पटांगणात मंडप होता. ज्या वर्गात मी शिकवलं त्याच्या ओट्यावर सरपंच आणि ग्रामसेवक. समोर बसलेली निम्मी मंडळी माझ्या हाताखाली शिकलेली. पप्पू, जो पाढे म्हणताना रडायचा, तो आता जमिनीची कामं करतो. तो दलालाच्या माणसाशेजारी बसला होता.

संदेश उभा राहिला, हरकत वाचली. मग म्हणाला, "बाई हितं हायेत, त्याच सांगतील." माझ्यासमोर माईक आणला.

मी सांगायला लागले. मंडपातल्या मोठ्या कर्ण्यांतून माझा आवाज चारी बाजूंनी येत होता. दोन वाक्यं झाली असतील, मागून कोणीतरी ओरडलं, "हाच! ह्योच आवाज व्हता फोनवर!" आणि लोक हसले. खूप हसले. बायकाही हसल्या. मी थांबले आणि खाकरले, तर आणखी हसले.

पप्पू उठून म्हणाला, "बाई, आदर हाय तुमचा. पर मशीननं आवाज काढला ह्याला परमान काय? तुमचा भाचा येनार व्हता न्हवं, ह्यातला सायब? कुटं हाय?"

सगळ्यांनी मागे वळून रस्त्याकडे पाहिलं. मीही पाहिलं.

ठराव झाला नाही. ग्रामसेवकांनी 'विषय महसूल खात्याचा असल्याने तहसीलदारांकडे पाठवावा' असं लिहिलं. शालूबाई माझ्याकडे न बघता निघून गेली. रिक्षावाल्यालाही मी कोण ते माहीत होतं. तोही माझा विद्यार्थी. त्याने आरशातून एकदाच पाहिलं.

तू आजारी असशील, अपघात झाला असेल, असं मला रात्रभर वाटत राहिलं. काल सकाळी समोरच्या मुलीने तिच्या फोनवर बघून सांगितलं, "आजी, श्रीयशदादाने काल दुपारी फोटो टाकलाय. मोठ्या हॉटेलात, लोकांबरोबर." निळा सदरा होता.

आत्या


तळेगाव
१३ ऑक्टोबर २०२५

ती. आत्यास सा. न. वि. वि.

रागावली असशील. तुझ्या जागी मी असतो तर मीही रागावलो असतो. सगळं स्पष्ट सांगतो, आणि मग तूच ठरव.

आमची कंपनी प्रज्ञेशच्या कंपनीला विकत घेते आहे. हे बोलणं मे महिन्यापासून चाललं होतं. मला सांगायला बंदी होती. सह्या झालेल्या, वकिलांनी बजावलेलं. अठ्ठावीसला सकाळी अमेरिकेतले आमचे वरिष्ठ अचानक आले. निघायच्या आत गाडी पाठवून मला बोलावून घेतलं. तुझा फोन बंद. कळवायचं कसं? तूच फोन बंद करून बसलीस.

आत्या, तू मला नेहमी विचारायचीस, नुसतं लिहून काय होतं. बरोबर विचारायचीस. बाहेरून दगड मारून हा उद्योग सुधारत नाही, आत शिरून सुधारतो. दोन्ही कंपन्या एक झाल्यावर एक नवा विभाग होतोय, यंत्रांवर लोकांचा विश्वास बसावा यासाठी. त्याचा प्रमुख मला केलं आहे. माझे 'बिघाड'मधले लेख वाचून केलं. तुझ्यासारखं पुन्हा कोणाचं होऊ नये हे आता माझं काम आहे. मला वाटलं होतं तू सर्वांत आधी खूश होशील.

एक लहान अडचण आहे. खरेदीच्या आधी प्रत्येक आवाजाचे कागद तपासले जातात. तुझा कागद नाही. म्हणून सोबत एक संमतीपत्र जोडलं आहे. तारीख दोन वर्षांपूर्वीची घातली आहे, तुला फक्त खाली सही करायची आहे. त्यात असं आहे, की आवाजाच्या वापराची तुला कल्पना होती. शालूबाईंच्या प्रकरणाशी याचा काही संबंध नाही. उलट हे मिटलं की प्रज्ञेश त्या दलालावर दावा ठोकायला मोकळा. आता त्याने तसं केलं तर तो स्वतःच अडकतो.

मळवलीच्या शाळेला दहा कॉम्प्युटर द्यायचंही त्याने कबूल केलं आहे. तुझ्या नावाने.

एवढी एक सही कर. पाकीट परतीच्या तिकिटासह आहे.

तुझा
श्रीयश


वलवण, लोणावळा
१७ ऑक्टोबर २०२५

श्री. श्रीयश यांस,

तुमचं पाकीट मिळालं. संमतीपत्र सही न करता ठेवलं आहे, परत पाठवत नाही.

मी काल वडगावला जाऊन आले. शालूबाईच्या जमिनीची नोंद तिच्या नावावरून काढू नये म्हणून संदेशने तहसील कचेरीत हरकत घेतली आहे. तिला मी प्रतिज्ञापत्र जोडलं. बाणेरला धडे कोणी वाचून घेतले, मला काय सांगितलं गेलं, काय सांगितलं गेलं नाही, हे त्यात लिहिलं. तिथे आणखी कोण हजर होतं असं साहेबांनी विचारलं, तेव्हा तुमचं नाव आणि हिंजवडीच्या ऑफिसचा पत्ता दिला. संमतीपत्रही दाखवलं. त्यांनी त्याची झेरॉक्स काढून घेतली.

नोटीस येईल. मतं तुम्ही पुष्कळ लिहिलीत. तिथे फक्त काय झालं ते सांगायचं आहे.

अनसूया


तळेगाव
१० नोव्हेंबर २०२५

आत्या,

नोटीस ऑफिसच्या पत्त्यावर आली. घराच्या नाही, ऑफिसच्या. रिसेप्शनवर सही करून घेतली. तू काय केलं आहेस याची तुला कल्पना नाही.

माझं वय पंचेचाळीस आहे. या वर्षी आमच्याकडून माझ्या वयाची माणसं एका सकाळच्या ईमेलवर काढली. त्यातल्या एकाला मी दिवाळीत भेटलो, तो देहूरोडला बायकोच्या भावाच्या दुकानात बसतो. मला घराचे हप्ते आहेत, लेकीचं शिक्षण आहे. तू मला आईबाबांनंतर सांभाळलंस हे मी विसरलेलो नाही. पण म्हणून तू मला बुडवावंस असं नाही.

चोवीसला तहसील कचेरीत कंपनीचा वकील बरोबर असेल. तो सांगेल तेच मला बोलावं लागेल. त्याआधी हरकतीतून तुझं प्रतिज्ञापत्र काढून घे. शालूबाईचं एक खाचर आहे. माझं सगळं आहे.

श्रीयश


वलवण
२८ नोव्हेंबर २०२५

श्रीयश,

हे लिहायला चार दिवस लागले, कारण प्रत्येक वेळी पहिल्या ओळीत मी तुझी बाजू मांडायला लागायचे.

तहसील कचेरीतला तो लाकडी बाक तुला आठवत असेल. एका टोकाला मी, एका टोकाला शालूबाई आणि संदेश. मध्ये माणूस बसेल एवढी जागा सोडलेली. ग्रामसभेनंतर ती माझ्याशी बोलली नव्हती. तू वकिलाबरोबर आत आलास, मला वाकून नमस्कार केलास. माझा हात तुझ्या डोक्यावर गेला. त्याला अजून काही कळलेलं नव्हतं.

साहेबांनी तुला सरळ विचारलं, "यांचा आवाज घेताना यांना कल्पना दिली होती का?"

तू वकिलाकडे पाहिलं नाहीस. मला वाटलं, आता तू बोलशील. तू म्हणालास, "हो. मी स्वतः समजावून सांगितलं होतं. आत्यांनी तोंडी संमती दिली होती. कागद करायचा राहिला, तो नंतर पाठवला. वयामुळे त्यांच्या लक्षात राहिलं नसावं."

साहेबांनी मला विचारलं, "आपल्याला विसरायला होतं का?" मी म्हटलं, "नाही." ते शब्द कारकुनाने लिहून घेतले. 

निकाल तुला कळला असेल. खरेदीखताची नोंद तूर्त थांबवली. पुढे दिवाणी कोर्टात जा म्हणाले. तिथे किती वर्षं लागतील देव जाणे. झाडावरचा चुन्याचा पट्टा तसाच आहे.

बाहेर आल्यावर मी कठड्याला धरून उभी राहिले. शालूबाई आली आणि तिने माझा दंड धरला. म्हणाली, "बाई, आज पटलं मला. तुमी त्यांच्यातल्या असता, तर त्यो तुमच्या बाजूनं बोलला असता. सख्खा भाचा तुमच्या तोंडावर खोटं बोलला, तवा म्या वळाकलं, तुमच्याकडं काय बी न्हाई त्यांचं." मग पदराने तोंड पुसत म्हणाली, "लय वंगाळ झालं बाई. तुमचं माज्यापरीस वंगाळ झालं."

संदेश मान खाली घालून म्हणाला, "चुकलं बाई. दारात चपला घालून उबा राहिलो त्या दिशी."

इतके महिने मी ज्याच्यासाठी तडफडत होते ते मला मिळालं. मी त्यांच्यातली नाही हे शालूबाईला पटलं. पण ते मी सांगून पटलं नाही, तुझ्या लेखाने तर नाहीच. तू माझ्याविरुद्ध खोटी साक्ष दिलीस म्हणून पटलं. मला त्याचा आनंद झाला, श्रीयश. आणि त्या आनंदाची मला अजून शिसारी येते.

तू रस्त्याच्या पलीकडे गाडीचं दार उघडून उभा होतास. मला घरी सोडायला. मी तुला पाहिलं होतं. न पाहिल्यासारखं केलं असं नको समजूस.

आम्ही तिघं स्टेशनवर चालत गेलो आणि लोणावळ्याची लोकल धरली. कामशेत गेल्यावर शालूबाई म्हणाली, "मळवलीला उतरा बाई. नवा तांदूळ कांडून आणलाय, दोन घास खाऊन जावा." मी म्हटलं, पुढे घरी जाते, उशीर होईल. ती म्हणाली, "घरी कोन हाय तुमच्या?"

मळवली आली. मी उतरले.

या पत्राला उत्तर पाठवू नकोस. पाठवलंस तर पोस्टमन ते परत नेईल. त्याला मी तसं सांगून ठेवलं आहे.

अनसूया